आचार्य अत्रे नेमके कोण होते? सभा गाजवणारा माणूस मुलांसाठी काय लिहून गेला, आज ते कुठून वाचायचं?

नवी मुंबई : वाशीच्या एपीएमसी मार्केटला पुरंदरचं अंजीर आणि सीताफळ येतं, हे शेतकऱ्यांना सांगायला नको. त्याच पुरंदर तालुक्यातल्या कोडीत गावात १३ ऑगस्ट १८९८ रोजी प्रल्हाद केशव अत्रे यांचा जन्म झाला. वीरच्या म्हस्कोबाच्या यात्रेला जिथून पालखी निघते, ते हे कोडीत. पुढे सगळा महाराष्ट्र त्यांना 'आचार्य अत्रे' म्हणू लागला.

आज अत्रे म्हटलं की बहुतेकांच्या मोबाइलवर एक-दोन विनोद सापडतात. सभेत कोणाला कसं उत्तर दिलं, विधानसभेत कोणाची कशी जिरवली, असे किस्से ग्रुपवर फिरत असतात. त्यातले खरे किती आणि नंतर कोणी तरी अत्रेंच्या नावावर खपवलेले किती, हे कोणालाच सांगता येत नाही. कोंबड्याचा प्रसिद्ध किस्साच घ्या, तो सांगणाऱ्यागणिक बदलतो.

नुकसान असं, की या फॉरवर्डच्या गर्दीत अत्रेंनी खरोखर लिहिलेलं मागे पडलं. स्वतःवर हसत हसत पाच खंडांत सांगितलेलं आयुष्य आणि गावोगावच्या शाळांत वाचली गेलेली मुलांची पुस्तकं, या दोन गोष्टी नव्या पिढीला माहीतच नाहीत. म्हणून हा सविस्तर आढावा.

आधी ओळख : एक माणूस, किती कामं?

अत्रेंचं बालपण सासवडला गेलं. पुढचं शिक्षण पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात झालं. पोटापाण्यासाठी त्यांनी मास्तरकी धरली आणि पुण्यातल्या कॅम्प भागातल्या कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत ते मुख्याध्यापक झाले. शिकवायचं कसं, हे शिकण्यासाठी ते लंडनला गेले आणि १९२८ साली तिथली शिक्षकाची पदविका घेऊन आले. 'आचार्य' म्हणजे शिकवणारा. हा शब्द त्यांच्या नावाला उगाच चिकटलेला नाही.

त्यानंतरची यादी लांबलचक आहे. कवी, विडंबनकार, नाटककार, चित्रपट काढणारे, 'नवयुग' साप्ताहिकाचे आणि 'मराठा' दैनिकाचे संपादक, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली तोफ. 'मराठा'चा पहिला अंक १५ नोव्हेंबर १९५६ रोजी निघाला. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला, त्या लढ्यात या पेपरचा वाटा मोठा. १९४२ साली नाशिकला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १३ जून १९६९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

पण या सगळ्याच्या मुळाशी एक मास्तर होता. समोरचं पोर कंटाळलं की आपला तास फुकट गेला, हे त्या मास्तरला पक्कं ठाऊक होतं. त्यांचा विनोद आणि त्यांचं मुलांसाठीचं लेखन, दोन्ही तिथूनच आलं.

'वाचनमाला' म्हणजे काय आणि तिने काय बदललं?

आज पहिलीचं पोर शाळेत गेलं की त्याच्या हातात बालभारतीचं पुस्तक येतं. पण बालभारतीची स्थापना झाली २७ जानेवारी १९६७ रोजी. त्याआधी वेगवेगळ्या लेखकांनी आणि प्रकाशकांनी तयार केलेली क्रमिक पुस्तकं शाळांत चालायची. इयत्तेनुसार एकापुढे एक लावलेल्या अशा पुस्तकांच्या संचाला 'वाचनमाला' म्हणत. पहिलीचं पुस्तक संपलं की त्याच मालेतलं दुसरीचं, मग तिसरीचं.

अत्रेंनी प्राथमिक शाळांसाठी 'नवयुग वाचनमाला' केली आणि पुढच्या वर्गांसाठी 'अरुण वाचनमाला'. ज्यांचं शिक्षण चौथी-सातवीपर्यंतच झालं, अशा अनेक आजी-आजोबांनी आयुष्यात वाचलेलं सगळ्यात जवळचं पुस्तक हेच होतं. घरात सत्तरी-ऐंशीचं कोणी असेल तर 'नवयुग वाचनमाला' एवढंच विचारून बघा. शिकताना ते पुस्तक हातात पडलं असेल, तर त्यातली कविता अजून तोंडपाठ असते.

फरक काय होता? जुन्या पुस्तकांत उपदेश फार. मुलांनी असं वागावं, तसं वागू नये. भाषाही जड, म्हणजे मुलाला आधी शब्दाचा अर्थ पाठ करावा लागायचा आणि मग धडा. अत्रेंनी हे उलटं केलं. मुलाला घरात, अंगणात, शेतावर जे दिसतं तिथून धडा सुरू करायचा. वाक्य छोटं ठेवायचं. मोठ्याने वाचलं की कानाला गोड लागलं पाहिजे. आणि शिकवण द्यायचीच असेल तर ती गोष्टीच्या पोटात ठेवायची, पोराच्या डोक्यावर आपटायची नाही.

खेड्यातल्या मुलाच्या दृष्टीने ही साधी बाब नव्हती. ज्या घरात दुसरं एकही पुस्तक नाही, तिथे क्रमिक पुस्तक हेच एकमेव पुस्तक. तेच रटाळ निघालं तर पोराला वाटतं, पुस्तक म्हणजे असंच असतं. मग शाळेची आणि त्याची जी फारकत होते, ती कायमची.

दोन नमुने : 'आजीचे घड्याळ' आणि 'दिनूचे बिल'

अत्रे कविता लिहायचे त्या 'केशवकुमार' या नावाने. वडिलांचं नाव केशव, म्हणून केशवकुमार. याच नावाची त्यांची 'आजीचे घड्याळ' ही कविता पिढ्यान्‌पिढ्या शाळेत शिकवली गेली. कवितेतल्या नातवाला एक कोडं पडलंय. आजीकडे घड्याळ तर दिसत नाही, मग तिला वेळ कशी कळते? पहाट कधी झाली, शाळेची वेळ कधी झाली, हे तिला बरोबर ठाऊक. कोंबड्याचं आरवणं, ऊन कुठवर आलं, यावरून ती वेळ सांगते. नातवाला मात्र वाटतं की आजीने घड्याळ कुठे तरी लपवून ठेवलंय.

गावात राहणाऱ्याला यात नवल नाही. भिंतीवरची सावली बघून 'आता गुरं परतायची वेळ झाली' असं सांगणाऱ्या म्हाताऱ्या आजही आहेत. अत्रेंनी केलं एवढंच, की जे घरोघरी होतं ते पोराच्या नजरेने दाखवलं. आणि जिला अक्षर येत नाही अशी आजीही ज्ञानाची धनी असते, हे एक शब्द उपदेशाचा न वापरता पोराच्या मनात रुजवलं.

दुसरा नमुना 'दिनूचे बिल' या गोष्टीचा. दिनूचे वडील डॉक्टर. पेशंटांना बिलं जातात, पैसे येतात, हे दिनू रोज बघतो. मग त्याच्याही डोक्यात येतं की आपणही घरात कामं करतो, तर आईला बिल का लावू नये? तो रीतसर बिल करतो. आई रागावत नाही, रडत नाही. ती पैसे देते आणि सोबत स्वतःचंही एक बिल ठेवते. तिने जन्मापासून जे जे केलं त्याची यादी, आणि रकमेच्या जागी काहीच नाही.

पुढे काय होतं हे सांगायची गरज उरत नाही. लहान मुलाला गोष्ट हसू आणत वाचता येते आणि शेवटी घशात आवंढा येतो. विनोदाने दार उघडायचं आणि आत शिरल्यावर महत्त्वाची गोष्ट सांगायची, ही अत्रेंची रीत या छोट्या धड्यात स्वच्छ दिसते.

याशिवाय 'फुले आणि मुले' हे त्यांचं मुलांसाठीचं पुस्तक आहे. शाळेच्या पोरांनी करावं म्हणून 'गुरुदक्षिणा'सारखं नाटकही त्यांनी लिहिलं.

हसवणाऱ्याने रडवलं : 'श्यामची आई'

साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात असताना १९३३ साली लिहिली. दापोली तालुक्यातलं पालगड, गरिबी, आई आणि मुलगा. या पुस्तकावर चित्रपट काढला तो अत्रेंनी. १९५३ साली तो पडद्यावर आला. वनमालाबाईंनी आई केली, माधव वझे यांनी श्याम. देशात चित्रपटांना राष्ट्रीय पुरस्कार द्यायला सुरुवात झाली, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलंच राष्ट्रपती सुवर्णपदक याच मराठी चित्रपटाला मिळालं. हिंदी, बंगाली, तमिळ अशा सगळ्या भाषांत पहिला नंबर कोकणातल्या एका गरीब घरच्या गोष्टीचा आला.

त्यानंतर लगेच अत्रेंनी 'महात्मा फुले' हा चित्रपट काढला. त्यालाही राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं. जोतीरावांच्या घराण्याशी जोडलेलं खानवडीही पुरंदर तालुक्यातच.

आता मोठ्यांसाठी : 'कऱ्हेचे पाणी' हे काय पुस्तक आहे?

सोमवती अमावस्येला जेजुरीच्या खंडोबाची पालखी ज्या नदीवर स्नानाला जाते, ती कऱ्हा. पुरंदरच्या डोंगरात उगम पावते, सासवडवरून, जेजुरीच्या बाजूने बारामती तालुक्यात जाते आणि नीरेला मिळते. गंगा-गोदावरीच्या मानाने छोटी नदी. उन्हाळ्यात तिच्या पात्रात पाणी शोधावं लागतं. अत्रेंनी आपल्या आत्मचरित्राला नाव दिलं ते या नदीचं, 'कऱ्हेचे पाणी'. माणूस लंडनला जाऊन आला, दिल्लीत पदक घेऊन आला, मुंबईत पेपर चालवला, पण अंगात पाणी कोणतं, तर कऱ्हेचं. नावातच सगळं सांगून टाकलं.

अत्रेंनी स्वतः याचे पाच खंड लिहिले. ते १९६० नंतरच्या दशकात एकामागून एक आले. तेव्हा अत्रे साठी ओलांडलेले होते आणि रोजचा पेपरही चालवत होते. त्यांच्यामागे त्यांची मुलगी, कवयित्री शिरीष पै यांनी पुढचे खंड तयार केले.

पाच खंड ऐकून घाबरायचं कारण नाही. पहिला खंड घेतला तरी पुरे. त्यात सासवडचं बालपण आहे. वाडा, आजूबाजूची माणसं, शाळा, मास्तरांचा मार, पोरांच्या खोड्या. शंभर वर्षांपूर्वीचं तालुक्याचं गाव कसं होतं, लोक काय खात, कशाला घाबरत, कशावर हसत, हे सगळं त्यात जिवंत आहे. गावचा इतिहास सनावळीने सांगणारी पुस्तकं पुष्कळ मिळतील. गावचा वास सांगणारं पुस्तक मात्र क्वचित मिळतं.

याआधी त्यांनी 'मी कसा झालो' हे आटोपशीर पुस्तक लिहिलं होतं. कवी कसा झालो, वक्ता कसा झालो, शिक्षक कसा झालो, नाटककार कसा झालो, असं एकेका कामाचं एकेक प्रकरण. ज्यांना जाड पुस्तक झेपत नाही त्यांनी सुरुवात इथून करावी. शिक्षक आणि भाषण करणाऱ्या पोरांनी तर नक्की.

अत्रेंचा विनोद चालतो कसा?

किस्से सोडा, लिहिलेल्या पानांवर बघितलं तर तीन-चार गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात.

१. फुगवून सांगणं. 'गेल्या दहा हजार वर्षांत असं झालं नाही' ही त्यांची लकब इतकी गाजली की आजही कोणी जास्त बोलला की लोक म्हणतात, 'अत्र्यांसारखं बोलतोय'. गावातला पारावरचा गप्पिष्ट असंच बोलतो. बिबट्या दिसला तर तो म्हशीएवढा होता. ऐकणाऱ्यालाही माहीत असतं आणि सांगणाऱ्यालाही. तीच गंमत अत्रेंनी छापील पानावर आणली.

२. स्वतःवर हसणं. आत्मचरित्रात माणूस सहसा स्वतःला मखरात बसवतो. अत्रे आपली फजितीही मन लावून सांगतात. त्यामुळे पुढे ते बढाई मारतात तेव्हाही वाचक ती हसून खपवून घेतो.

३. विडंबन. म्हणजे दुसऱ्याच्या लिहिण्याची अशी नक्कल, की मूळ लेखनातला फुसकेपणा उघडा पडावा. १९२५ साली आलेलं त्यांचं 'झेंडूची फुले' हे याचं मराठीतलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. त्या काळी पुण्यातले रविकिरण मंडळाचे कवी फार नावाजलेले होते. त्यांच्या नाजूक प्रेमकवितांची अत्रेंनी भरपूर टर उडवली. नावही बघा, गुलाब नाही, मोगरा नाही, झेंडू. दसऱ्याला ढिगाने येणारं फूल.

४. बोलण्याची भाषा. अत्रेंचं वाक्य मोठ्याने वाचून बघा. ते कानासाठी लिहिलेलं आहे. सभेत बोलल्यासारखं, एकाला जोडून दुसरं.

नाटकांतही हेच. 'साष्टांग नमस्कार', 'लग्नाची बेडी', 'मोरूची मावशी' ही हसवणारी नाटकं अजून रंगभूमीवर अधूनमधून येतात. 'मोरूची मावशी' मुळात एका इंग्रजी नाटकावरून घेतलेलं. पुरुषाने मावशी होऊन घातलेला धुमाकूळ विजय चव्हाण यांनी रंगवला आणि तो घराघरांत पोचला. १९६२ सालच्या 'तो मी नव्हेच'मध्ये निपाणीचा तंबाखूचा व्यापारी म्हणवणारा लखोबा लोखंडे आहे. नावं बदलून बायकांना फसवणाऱ्या भामट्यावरचं हे नाटक प्रत्यक्ष घडलेल्या खटल्यावरून सुचलेलं. प्रभाकर पणशीकर यांनी ते फिरत्या रंगमंचावर गाजवलं. आज लग्न जुळवण्याच्या साइटवर खोटी माहिती देऊन फसवणारे बघितले की लखोबा म्हातारा झालेला नाही, हे पटतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी

अत्रेंचं सगळंच डोक्यावर घ्यावं असं नाही. 'मराठा'त विरोधकांवर लिहिताना त्यांची लेखणी पुष्कळदा पातळी सोडायची. माणूस दुखावला जाईल याची ते पर्वा करत नसत. काही नाटकांतले विनोद आजच्या लेकीसुनांना खटकतील. आत्मचरित्रातही पुढच्या खंडांत वादांचा तपशील इतका येतो, की त्या काळातली माणसं माहीत नसतील तर वाचणारा दमतो.

पण गंमत अशी, की मुलांसाठी लिहिताना हाच माणूस एकदम सावध होतो. तिथे ना कोणाची टवाळी, ना शब्दांचा फापटपसारा. पोरांपुढे काय ठेवायचं आणि काय नाही, हे मास्तरला नीट कळत होतं.

पीडीएफ फिरवायची का? कायदा काय सांगतो?

अत्रेंच्या पुस्तकांच्या पीडीएफ काही ग्रुपवर फिरतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरचं वर्ष धरून पुढे ६० वर्षं त्याच्या लेखनाचा हक्क वारसांकडे असतो. अत्रे १९६९ साली गेले. म्हणजे त्यांनी स्वतः लिहून प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांचा हक्क ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत आहे. त्यानंतर, १ जानेवारी २०३० पासून ती सगळ्यांसाठी खुली होतील. तोवर परवानगी नसलेली पीडीएफ पाठवणं कायद्यात बसत नाही.

मग वाचायचं कुठून?

- गावातलं किंवा तालुक्याचं वाचनालय : महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालीच झाला. सरकारी अनुदान घेणारी वाचनालयं गावोगावी आहेत. वर्गणी फार नसते. 'कऱ्हेचे पाणी' कपाटात नसेल तर मागणी नोंदवा. वाचकांनी मागितलेली पुस्तकं पुढच्या खरेदीत घेता येतात.
- शाळेचं ग्रंथालय : पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढला तर मुलांसाठीची चार पुस्तकं येणं अवघड नाही.
- विकत : अत्रेंची बरीचशी पुस्तकं परचुरे प्रकाशन मंदिराने काढली आहेत. मराठी पुस्तकांच्या दुकानात आणि ऑनलाइनही विचारता येईल.
- घरातली ट्रंक : जुनी 'नवयुग वाचनमाला' कोणाच्या माळ्यावर पडलेली असेल तर रद्दीत घालू नका. वाळवी झटका, कोरड्या जागी ठेवा. अशा प्रती आता दुर्मीळ आहेत.

कोणी कुठून सुरुवात करावी?

दुसरी ते चौथीच्या मुलांना 'आजीचे घड्याळ' मोठ्याने वाचून दाखवा. आजी घरात असेल तर तिच्यासमोर वाचा आणि मग तिला विचारा, घड्याळ नव्हतं तेव्हा वेळ कशी कळायची. पाचवी ते सातवीच्या मुलांना 'दिनूचे बिल' स्वतः वाचू द्या, शेवट आधी सांगू नका. कॉलेजच्या पोरांनी 'मी कसा झालो' घ्यावं. मोठ्यांनी 'कऱ्हेचे पाणी'चा पहिला खंड.

२०१४ च्या जानेवारीत ८७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सासवडला भरलं, तेव्हा अत्रेंच्या गावात पुस्तकांचे स्टॉल लागले आणि खेड्यापाड्यांतून माणसं आली. रोज असं संमेलन भरत नाही. पण रात्री जेवणं झाल्यावर मोबाइल बाजूला ठेवून पोराला दोन पानं वाचून दाखवायला स्टॉल लागत नाही.

आणि पुढच्या वेळी 'आचार्य अत्रे एकदा म्हणाले...' असा मेसेज आला, तर पुढे पाठवण्याआधी पाठवणाऱ्याला एवढंच विचारा, कोणत्या पुस्तकात?